पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारी मोबाइल अ‍ॅप्स: नाशिकच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या एका रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या ओपीडीत मी १४ वर्षं नर्स आहे. अलीकडे टेबलावर आडवं होता होता पर्समधून मोबाइल काढून "सिस्टर, हे जरा बघा ना" म्हणणाऱ्या बायका वाढल्या आहेत. इंदिरानगरची नोकरदार मुलगी असो की पेठहून एसटीने आलेली पहिलटकरीण, प्रश्न जवळपास तेच असतात. ते त्यांच्याच शब्दांत घेऊन इथे उत्तरं लिहिली आहेत. तुम्हाला आत्ता, या क्षणी बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी त्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

सिस्टर, मोबाइल पोटावर ठेवला की खरंच बाळाचे ठोके ऐकू येतात का?

भरवसा ठेवावा असे येत नाहीत. बाळाचं हृदय इवलंसं असतं आणि त्याच्या व फोनच्या मध्ये गर्भजल, गर्भाशयाची भिंत, स्नायू, चरबी आणि त्वचा असते. एवढ्यातून बाहेर पोचणारा आवाज अगदी क्षीण आणि खालच्या पट्टीतला असतो. मोबाइलचा माइक बनवलेला असतो तो हवेतून येणारं माणसाचं बोलणं पकडायला. समोरच्याला आपलं बोलणं स्वच्छ ऐकू जावं म्हणून फोन पंख्याची घरघर, गाडीची घुरघुर असे खालच्या पट्टीतले आवाज स्वतःहून कापत असतो. बाळाचे ठोके नेमके त्याच पट्टीत येतात.

त्यात पोट काही शांत जागा नाही. आतड्यांची गुडगुड चालू असते, आईच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी उडत असते, वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणाऱ्या रक्ताची सळसळ असते. फोन हातात धरलाय त्या बोटांची नाडीही असते. अ‍ॅपला एखादा तालबद्ध आवाज सापडलाच, तर तो बहुधा यातलाच कुठलातरी असतो.

सातपूरची एक मुलगी १४ आठवड्यांची असताना आली होती. रोज रात्री नवराबायको मिळून अ‍ॅपवर ठोके ऐकायचे. तिने मला दाखवले, पडद्यावर १४२ आकडा आणि लाल हृदय धडधडतंय. मी फोन तिच्या पोटावरून उचलला आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर, रेक्झिनच्या गादीवर ठेवला. दहा-बारा सेकंदांनी पडद्यावर १३८ आलं. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाईट वाटलं, पण ते तिने बघायलाच हवं होतं. मग ओटीपोटावर जेल लावून डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं आमचं हातातलं छोटं यंत्र, फिरवला. आधी नुसती वाऱ्यासारखी सूं सूं आली, मग जरा खाली, डावीकडे तिरपा धरल्यावर लगालगा पळणारे ठोके लागले, १५२. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि ते बराच वेळ सोडलं नाही.

तुमच्या फोनमधलं अ‍ॅप खरं की खोटं हे बघायचं असेल तर हेच करा. फोन उशीवर ठेवा, गव्हाच्या डब्यावर ठेवा. तिथेही ठोके दाखवले तर काय ते कळेल.

पण अ‍ॅपच्या नावातच "बाळाचे ठोके" असं लिहिलंय. खोटं कसं लिहितील?

सगळी अ‍ॅप्स एक प्रकारची नसतात. काहींमध्ये आधीच भरून ठेवलेला आवाज वाजतो, फोन कुठेही ठेवा. त्यांच्या माहितीच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात "फक्त करमणुकीसाठी" असं लिहिलेलं सापडतं. ते वाचायला तिथपर्यंत कुणी जात नाही.

दुसरी अ‍ॅप्स फोनचा माइक खरोखर वापरतात. त्यांचं काय होतं ते वर सांगितलं. तिसऱ्या प्रकारात वेगळं डॉपलर यंत्र विकत घ्यावं लागतं, ते फोनला जोडतात आणि अ‍ॅप फक्त आकडा आणि आलेख दाखवतं. तिथे आवाज खरा असू शकतो, पण त्याचे धोके वेगळे आहेत, ते पुढे येतीलच. आणि चौथी, आठवडे मोजणारी, तपासणीची तारीख आठवण करून देणारी अ‍ॅप्स. ती ठोके ऐकवण्याचा दावाच करत नाहीत.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले होते. मग मोबाइलवर का नाहीत?

दिसणं आणि ऐकू येणं वेगळं. खालून केलेल्या सोनोग्राफीत साधारण सहाव्या आठवड्यापासून हृदयाची फडफड दिसू शकते. आमच्या हातातल्या छोट्या डॉपलरवर ठोके लागतात ते साधारण १० ते १२ आठवड्यांनंतर, आणि तेव्हाही कधी कधी पाच-सात मिनिटं शोधावं लागतं. नुसत्या कानाने, म्हणजे फीटोस्कोप नावाच्या कर्ण्यासारख्या नळीने ऐकायचे तर १८ ते २० आठवडे उलटावे लागतात. ही नळी अ‍ॅडॉल्फ पिनार या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये तयार केली. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आम्ही नर्सिंगला तिच्यावरच हात बसवला.

डॉपलर आणि मोबाइल यांतला मूळ फरक समजून घ्या. मोबाइल नुसता कान लावून बसतो. डॉपलर आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत पाठवतो आणि हलणाऱ्या हृदयावर आपटून परत आलेल्या लहरी टिपतो. द्वारका चौकात रुग्णवाहिका जवळ येते तेव्हा तिचा भोंगा चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये लहरींचा जो गुणधर्म मांडला तो हाच. लहरींत पडलेला हा फरक यंत्र आवाजात बदलून आपल्याला ऐकवतं, म्हणून तो घोड्याच्या टापांसारखा येतो. लहरी पाठवणारा भाग साध्या मोबाइलमध्ये नसतोच. अ‍ॅप कितीही चांगलं लिहिलं तरी नसलेला भाग कुठून आणणार?

काल अ‍ॅपवर ठोके लागलेच नाहीत. रात्रभर झोप नाही. काय समजू?

फोनला आवाज पकडता आला नाही, एवढंच समजा. बाळाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. अंगावरून जात नसेल, पोटात दुखत नसेल, आणि हालचाल जाणवायला लागली असेल व ती नेहमीसारखी असेल, तर ठरलेल्या तारखेला तपासणीला या. मनाची तगमग थांबत नसेल तर तारखेच्या आधी या. त्यासाठी कुणी रागावणार नाही, आणि रागावलंच तर ती त्यांची चूक आहे.

हालचाल कमी वाटतेय, पण अ‍ॅपवर ठोके नीट येताहेत. थांबू का सकाळपर्यंत?

थांबू नका. फोन बाजूला ठेवा आणि दवाखान्यात निघा.

मी हे सगळं लिहायला बसले ते या एका प्रश्नासाठी. एका मैत्रिणीच्या बहिणीचा रात्री साडेअकराला फोन आला होता, ३६ आठवडे झालेले. दुपारपासून बाळ गप्प होतं. घरच्यांनी अ‍ॅप लावून बघितलं, १४० आलं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि ती झोपायला गेली. झोप लागेना म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, आत्ता रिक्षा काढा. त्या रात्री तिला दाखल करून घेतलं आणि पहाटे सिझेरियन झालं. बाळ वाचलं. अ‍ॅपच्या त्या १४० वर विसंबून ती सकाळपर्यंत थांबली असती, तर काय झालं असतं हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

असं विसंबणं किती महाग पडतं याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांतही आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली इंग्लंडमधल्या एका स्त्रीची हकिकत आली होती. ३८ आठवडे झालेले, हालचाल कमी झाल्याचं तिला जाणवलं होतं. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकून तिने मनाचं समाधान करून घेतलं. ती रुग्णालयात पोचली तेव्हा बाळाचं हृदय थांबलेलं होतं. तिच्याकडे तर खरं डॉपलर यंत्र होतं, मोबाइलचा माइक नव्हे.

यामागचं कारण असं. बाळाला वारेतून प्राणवायू कमी पडू लागला की ते आधी शक्ती वाचवतं, हातपाय हलवणं कमी करतं. हृदय मात्र बराच वेळ चालूच राहतं. म्हणजे ठोके ऐकू येणं याचा अर्थ बाळ या क्षणी जिवंत आहे, इतकाच. ते ठीक आहे की अडचणीत आहे, हे एका आकड्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला आम्ही एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट) नावाची तपासणी करतो. पोटावर दोन पट्टे बांधतो, एक ठोक्यांसाठी, एक गर्भाशयाच्या आकुंचनासाठी, आणि निदान २० मिनिटं कागदावर आलेख काढतो. बाळ हललं की त्याचे ठोके वाढायला हवेत. आठव्या महिन्यानंतर ते निदान १५ ने वाढून १५ सेकंद तरी टिकायला हवेत. १४० वर सरळ रेघ ओढल्यासारखा आलेख आला, तर आकडा उत्तम असूनही आमची धावपळ सुरू होते. हे ओळखायला शिकलेले डोळे लागतात.

मग चांगलं महागडं डॉपलर यंत्र घेतलं तर? आम्ही खर्च करायला तयार आहोत.

पैशांचा प्रश्न नाही. ही यंत्रं ऑनलाइन सहज मिळतात आणि ठोके खरोखर पकडू शकतात. पण पकडलेले ठोके कुणाचे, हे कोण सांगणार? आईची नाडी साधारण ६० ते १०० असते. घाबरली, जिना चढून आली, ताप असला की १२० पर्यंत सहज जाते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. म्हणजे घाबरलेल्या आईची नाडी बाळाच्या ठोक्यांसारखी दिसू शकते. म्हणून आम्ही डॉपलर धरताना दुसऱ्या हाताने आईच्या मनगटाची नाडी बघतो. काही यंत्रं एकच ठोका दोनदा मोजतात, काही निम्मेच मोजतात. वारेतल्या रक्ताची सूं सूं तर नवख्याला हमखास फसवते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१४ मध्येच लोकांना सांगितलं की हौस म्हणून घरी डॉपलर लावू नका. ध्वनिलहरींनी ऊतींमध्ये थोडी उष्णता तयार होते. तपासणीत मिनिटभर लावला तर त्याने इजा होते असं नाही. पण रोज अर्धा-अर्धा तास, कुणाच्या देखरेखीशिवाय, नुसतं ऐकायला मजा वाटते म्हणून लावणं योग्य नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या विशिष्ट कारणासाठी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

मोबाइल पोटावर ठेवल्याने बाळाला काही होतं का?

माइक वापरणारं अ‍ॅप पोटात काहीच पाठवत नाही. मोबाइलच्या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, त्यामुळे पूर्वी कधी ठेवला असेल तर जीव टांगणीला लावू नका. पण ठेवून मिळत काहीच नाही, म्हणून ठेवू नका.

ठोके १४० च्या वर असले की मुलगी, खाली असले की मुलगा, असं असतं का?

नाही. बाळ झोपलं की ठोके कमी, हललं की जास्त. एकाच तपासणीत दहा मिनिटांत १२८ आणि १५६ दोन्ही दिसतात. त्याचा मुलगा-मुलगीशी संबंध नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा सोबत आलेली बाई हळू आवाजात विचारते, म्हणून आणखी एक सांगते. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये कायदा केला आणि देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा आहे. आम्हाला विचारू नका.

हालचाल मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिलटकरणीला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखं किंवा बुडबुडे फुटल्यासारखं वाटतं. वार पुढच्या बाजूला असेल तर जरा उशिरा आणि दबकी जाणवते. २८ आठवड्यांपासून बाळाची रोजची एक लय बसते. कुणाचं बाळ जेवणानंतर उसळतं, कुणाचं रात्री अंथरुणाला पाठ टेकली की.

ती लय ओळखून ठेवा. रोज साधारण एकाच वेळी, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर झोपा. टीव्ही बंद, मोबाइल लांब. लाथ, वळणं, ढुशी, सगळं मोजा. उचकी मात्र धरू नका, ती एका तालात बारीक बारीक येत राहते. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, बहुतेकींच्या त्याआधीच होतात. दहा झाल्या नाहीत, किंवा झाल्या पण रोजच्यापेक्षा मंद, वेगळ्या वाटल्या, तर निघायचं. "वेगळं वाटतंय" एवढं कारण पुरेसं आहे. आमच्याकडच्या एक बाई शिकलेल्या नव्हत्या. त्या पदराच्या टोकाला हालचालीगणिक एकेक गाठ मारायच्या आणि तपासणीला आल्या की ती गाठींची ओळ माझ्या हातात द्यायच्या. त्या नोंदीइतकी नेटकी नोंद मी कुठल्या अ‍ॅपमध्ये बघितली नाही.

सासूबाई म्हणतात, नववा लागला की बाळाला जागा उरत नाही, हालचाल कमी होणारच.

सासूबाई काळजीपोटीच बोलतात, पण हे बरोबर नाही. जागा कमी झाल्यावर हालचालीची तऱ्हा बदलते. जोरदार लाथांऐवजी सरकणं, ढकलणं वाढतं. संख्या आणि रोजची लय मात्र प्रसूतीच्या कळांपर्यंत टिकायला हवी. थंड पाणी पी, गोड खा, मग हलेल, या सल्ल्यातही वेळ जातो. निघताना वाटेत पाणी प्यायला हरकत नाही.

रात्री-अपरात्री कुठे जायचं? आम्ही गावाकडे राहतो.

जिथे नाव घातलंय तिथे आधी फोन करा, पण फोन उचलला नाही म्हणून घरी बसू नका. नाशिक शहरात त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कथड्यातलं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आणि नाशिकरोडचं बिटको रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. गाडी नसेल तर १०८ लावा. गरोदर स्त्रियांसाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे, तिला पैसे पडत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि येण्याजाण्याची सोय मोफत आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागातल्या बायकांना मी मुद्दाम सांगते. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं, मोबाइलला रेंज नसते आणि रात्री गाडी शोधण्यात तास जातो. त्यामुळे तुमच्यासाठी शंका आणि निघणं यांत अंतर ठेवायला जागाच नाही. आशाताईंचा आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर सातव्या महिन्यातच भिंतीवर लिहून ठेवा. अंगावरून लाल जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, यांपैकी काही झालं तर हालचाल मोजत बसू नका, लगेच निघा.

ठोके खात्रीने ऐकायचे असतील तर फुकट कुठे ऐकवतात?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. हे २०१६ पासून सुरू आहे आणि चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठी आहे. बी.पी., वजन, रक्त, लघवी आणि पोटाची तपासणी होते. माता बाल संरक्षण कार्डात बाळाच्या ठोक्यांचा रकाना आहे, तो भरून घ्या. गर्दी असते हे मान्य. तरी "सिस्टर, मला ठोके ऐकवा" असं तोंडाने सांगा. ऐकणं हा तुमचा हक्क आहे.

अ‍ॅपने प्रसूतीची तारीख, मोबाइल नंबर, लोकेशन सगळं मागितलं. द्यायचं का?

आठवडे मोजायला लोकेशन आणि तुमचे सगळे फोन नंबर कशाला लागतात? परवानगी नाकारा. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण आपण स्वतः दिलेली माहिती परत गोळा करणं सोपं नसतं. मला यातली एक गोष्ट फार लागते. चौथ्या महिन्यात गर्भ गेलेल्या एकीला पुढे कितीतरी दिवस फोनवर "तुमचं बाळ आता एवढं झालं" असे निरोप येत होते. ते बंद कसे करायचे हे तिला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती. असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर घरातल्या एखाद्याने न बोलता तेवढं अ‍ॅप काढून टाकावं, खातंही बंद करावं.

मग मोबाइलचा काहीच उपयोग नाही का?

आहे की. तपासणीची तारीख, लोहाच्या गोळीची वेळ, हालचालींची नोंद, बी.पी.चे आकडे, यांसाठी वापरा. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो काढून ठेवा, रात्री फाइल घरी राहिली तर तो कामी येतो.

नवरा अंबडला कंपनीत आहे, तपासणीला सुट्टी मिळत नाही. त्याला ठोके कसे ऐकवू?

ओपीडीत डॉपलर लावल्यावर नर्सला विचारा आणि आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या. सोनोग्राफीच्या खोलीत मोबाइल चालत नाही, पण तपासणीच्या टेबलावर बहुतेक जण अर्धा मिनिट थांबतात. ते रेकॉर्डिंग त्याला ऐकवा. पण ते त्या दिवसाचं आहे, पुढे शंका आली तर तेच लावून समाधान करून घेऊ नका.

दुसरंही एक आहे. १८१८ मध्ये जिनिव्हाच्या मायोर नावाच्या सर्जनने गरोदर स्त्रीच्या पोटाला नुसता कान लावून बाळाचे ठोके ऐकल्याची नोंद आहे. आठव्या-नवव्या महिन्यात, घरात सगळं शांत असताना, ते तुमच्या नवऱ्यालाही जमू शकतं. बाळाची पाठ ज्या बाजूला असते तिथे आवाज स्पष्ट येतो. पुढच्या तपासणीला मला विचारा, मी पोट चाचपून बाजू सांगते आणि पेनाने तिथे एक छोटी खूण करून देते. रात्री तो कामावरून आला की पंखा बंद करा आणि त्याला त्या खुणेवर कान ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी ऐकू आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.